फिरते खतपिंप

घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करणारे, आडव्या आसावर हाताने फिरणारे झाकणाचे पिंप. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा यांत दुप्पट वाळका पाला मिसळतात. दोन-तीन दिवसांनी पिंप फिरवले की हवा खेळते, जीवाणू जोमाने वाढतात आणि दुर्गंधी टळते. मिश्रण मुठीत दाबल्यास ओल जाणवावी, पण धार लागू नये. पिंप भरल्यावर नवा कचरा थांबवून खत मुरू द्यावे; काळसर, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे झाले की ते तयार. मुधोळसारख्या कडक उन्हाळ्याच्या गावी पिंप सावलीत ठेवावे. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ खतटाक्यात हवा खेळवण्याचे हेच काम विटांमधली भोके करतात.