गिरणीच्या संपापासून व्यवस्थापन शिक्षणापर्यंत

१९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी ३५ टक्के वेतनवाढीसाठी लढा दिला. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या अनसूयाबेन हे जैन कुळातील सख्खे बहीण-भाऊ. महात्माजींच्या उपवासानंतर लवाद नेमला गेला व ३५ टक्क्यांची मागणी मान्य झाली.

त्याच नगरीत १९६१ साली भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. अंबालालांचे सुपुत्र डॉ. विक्रम साराभाई आणि आणंदजी कल्याणजी पेढीचे धुरीण कस्तुरभाई लालभाई तिच्या उभारणीत अग्रभागी होते. हार्वर्डच्या सहकार्याने १९६४ मध्ये दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात हिशेबाइतकेच मनुष्यबळालाही स्थान मिळाले.

पेढीवर बसणाऱ्या आपल्या तरुणांनी १९१८ चा धडा विसरू नये. भांडवल उभारता येते. माणसांचा विश्वास मात्र संपादनच करावा लागतो.