कोल्हापूर संस्थानचे विलीनीकरण : इ. स. १९४८ या वर्षाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन झाले. ही नोंद अचूक आहे. परंतु तिच्यावरच थांबल्यामुळे त्याआधीचे वर्ष अभ्यासकांच्या नजरेआड राहते. विलीनीकरणाकडे एका दिवसाची घटना म्हणून न पाहता वर्षभर चाललेली प्रक्रिया म्हणून पाहिले, तर वेगळे चित्र समोर येते. संस्थानची राजकीय सत्ता मार्च १९४९ मध्ये नव्हे, तर मार्च १९४८ मध्येच संपुष्टात आली होती आणि ती संपण्याचे तात्कालिक कारण लोकशाहीची मागणी हे नसून कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न हे होते, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

वर्षारंभीची स्थिती

सुमारे ३,२०० चौरस मैल क्षेत्रफळ आणि १९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे ११ लाख लोकसंख्या असलेले हे संस्थान दख्खनमधील संस्थानांत सर्वांत मोठे होते. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिरी त्याच्या अधीन होत्या. संस्थानाधिपतीस १९ तोफांच्या सलामीचा मान होता आणि घटना समितीतही संस्थानला स्वतंत्र प्रतिनिधित्व मिळाले होते. औंध, फलटण, भोर, सांगली आदी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली, तेव्हा कोल्हापूर त्यांच्यात नव्हते. स्वतंत्र घटक म्हणून टिकण्याची क्षमता त्याच्या ठायी आहे, असे मानण्यास त्या वेळी पुरेसा आधार होता.

गादीची स्थिती मात्र नाजूक होती. राजाराम महाराजांचे नोव्हेंबर १९४० मध्ये निधन झाले. दत्तक घेतलेले शिवाजी महाराज सप्टेंबर १९४६ मध्ये बालवयातच निवर्तले. त्यानंतर देवास थोरली पाती येथील विक्रमसिंहराव पवार यांना मार्च १९४७ मध्ये दत्तक घेण्यात आले आणि ते शहाजी महाराज या नावाने गादीवर आले. ते राजर्षी शाहू महाराजांचे दौहित्र होते. सात वर्षांच्या या कालखंडातील बराच काळ कारभार रीजन्सीकडे होता. म्हणजे १९४७ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज गेले, त्या वेळी नव्या छत्रपतींना गादीवर येऊन सहा महिनेही झाले नव्हते.

दुसऱ्या बाजूस प्रजापरिषद होती. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार प्रभृतींच्या नेतृत्वाखाली जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली होती. बागल हे सत्यशोधक परंपरेतून आलेले चित्रकार, तर कुंभार हे बेचाळीसच्या लढ्यातील भूमिगत कार्यकर्ते. १९४७ च्या उत्तरार्धात वसंतराव बागल यांच्या नेतृत्वाखाली लोकप्रिय मंत्रिमंडळ अधिकारावर आले. ज्या मागणीसाठी कार्यकर्त्यांनी तुरुंगवास पत्करला होता, ती पदरात पडली. हे मंत्रिमंडळ काही महिनेच टिकले.

जानेवारी ते मार्च १९४८

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच पुणे, सातारा, सांगली या भागांप्रमाणेच कोल्हापूर शहरात व संस्थानच्या खेड्यापाड्यांत ब्राह्मणांची घरे, दुकाने आणि कारखाने यांवर हल्ले झाले. भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. दरबारच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या कोल्हापूर सिनेटोनच्या या वास्तूवर शहरातील अनेक कारागिरांचा चरितार्थ चाले आणि त्यांतील बहुसंख्य ब्राह्मणेतर होते, ही गोष्ट जमावाच्या लेखी नव्हती.

या जाळपोळीचा संबंध शाहू महाराजांच्या ब्राह्मणेतर चळवळीशी थेट जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे. वेदोक्त प्रकरण, १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम, विविध जातींची वसतिगृहे, १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून नेमलेले तलाठी ही सारी कायद्याची आणि शिक्षणाची साधने होती. घरे पेटवणे ही त्या कार्याची परिणती ठरत नाही. तथापि सामाजिक तेढ अस्तित्वातच नव्हती आणि जे घडले ते केवळ गुंडांचे कृत्य होते, असे म्हणणेही इतिहासाला धरून होणार नाही. जातिविषयक असंतोष, जमीन व सावकारीतील जुने हितसंबंध आणि लुटीचा लोभ यांचे मिश्रण त्यात होते. गावोगावची अनेक कुटुंबे पुण्या-मुंबईकडे गेली ती पुन्हा परतली नाहीत. पुढे १९४८ चा मुंबई कूळ कायदा या भागास लागू झाल्यावर त्यांच्या जमिनींशी असलेला संबंधही सुटत गेला. स्थानिक इतिहासलेखनात या प्रकरणाची बोळवण बहुधा दोन-तीन वाक्यांत होते. हे मौन सोयीचे असले तरी विलीनीकरणाचा अर्थ लावताना ते अडसर ठरते.

कारण या दंगलींनीच मंत्रिमंडळाचा शेवट केला. प्रजेचे जीवित व वित्त यांचे रक्षण करण्यात ते अपुरे पडले, असा ठपका त्यावर आला. दंगलींच्या चौकशीचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कोयाजी यांच्याकडे सोपविण्यात आले. मार्च १९४८ मध्ये मंत्रिमंडळ जाऊन भारत सरकारच्या वतीने कॅप्टन नंजाप्पा यांच्याकडे प्रशासक म्हणून कारभार गेला.

प्रशासकाचे वर्ष

येथून पुढे जवळजवळ एक वर्ष कोल्हापुरात एक विलक्षण अवस्था होती. छत्रपती गादीवर होते, पण कारभार त्यांच्या हाती नव्हता. प्रजापरिषद होती, पण तिचे मंत्रिमंडळ नव्हते. विलीन व्हावे की स्वतंत्र घटक म्हणून राहावे, याविषयी दोन प्रवाह होते. छोट्या राज्याला भवितव्य नाही आणि संस्थानी अवशेष जितक्या लवकर जातील तितके बरे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. शाहूंच्या राज्याचे वैशिष्ट्य मोठ्या प्रांतात विरून जाईल, ही दुसऱ्या पक्षाची भीती होती. या वादाचा निर्णय सार्वमताने झाला नाही. महाराज आणि भारत सरकार यांच्यातील कराराने झाला.

याच सुमारास जपानमध्येही राजसत्तेचे रूपांतर घडत होते. ३ मे १९४७ रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने सम्राटास राष्ट्राचे केवळ प्रतीक ठरविले आणि सरदार-उमरावांचा वर्ग रद्द केला. तेथे ते परकीय लष्करी अंमलाखाली झाले, कोल्हापुरात स्वकीय सरकारच्या हातून; दोन्हींची बरोबरी करता येणार नाही. तरीही एक फरक लक्षणीय आहे. जपानी स्त्री-पुरुषांनी एप्रिल १९४६ मध्येच प्रौढ मताधिकाराने मतदान केले होते. कोल्हापूरच्या प्रजेला तो हक्क १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मिळाला, म्हणजे संस्थान इतिहासजमा झाल्यानंतर. त्या निवडणुकीत कोल्हापूर-सातारा या द्विसदस्य मतदारसंघातून रत्नाप्पा कुंभार काँग्रेसतर्फे, तर राजाराम महाविद्यालयाशी संबंधित बाळासाहेब खर्डेकर अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. दोघेही घटना समितीचे सदस्य होते. विलीनीकरणानंतरच्या पहिल्याच मतदानात मतदारांनी एक काँग्रेसचा आणि एक अपक्ष असे प्रतिनिधी निवडावेत, हे पुरेसे बोलके आहे.

विलीनीकरणानंतर

१ मार्च १९४९ नंतर संस्थानच्या यंत्रणेची वाटणी झाली. रायबाग, कटकोळ यांसारखा भाग बेळगाव जिल्ह्याकडे गेला. राजाराम रायफल्स भारतीय सैन्यात सामील होऊन पुढे मराठा लाइट इन्फंट्रीची १९ वी बटालियन बनली. शाहू महाराजांनी आरंभलेले राधानगरी धरण नव्या राजवटीत पूर्ण झाले. राजाराम महाविद्यालय शासनाकडे गेले.

सर्वांत मोठी हानी न्यायदानाच्या क्षेत्रात झाली. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत स्थापन झालेले संस्थानचे स्वतंत्र उच्च न्यायालय विलीनीकरणाबरोबर बंद झाले आणि पक्षकारांना मुंबईची वाट धरावी लागली. खंडपीठासाठी वकिलांनी व नागरिकांनी अनेक दशके आंदोलने केली. अखेर १७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे कामकाज भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाले.