तालुक्यापर्यंत पोचलेला भागाकार

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड समुद्रसपाटीपासून पाच-साडेपाचशे मीटर उंचावर आहेत. ही उंची अंगाला जाणवत नाही, पण फुप्फुसाच्या हिशेबात ती उतरतेच. मुंबईत हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा, तर शिरूरला साधारण ७१२. त्यातून श्वासमार्गातल्या वाफेचे ४७ वजा करायचे, उरलेल्याचे २१ टक्के घ्यायचे आणि कार्बन डायऑक्साइडपायी सुमारे ५० सोडायचे. मुंबईकराच्या वायुकोशांत प्राणवायूचा दाब शंभराच्या आसपास निघतो, शिरूरकराच्या नव्वदच्या. धडधाकट माणसाचे या दहावाचून काही अडत नाही. अत्यवस्थ रुग्णाचा हिशेब मात्र इथूनच सुरू होतो.

या हिशेबाचे मूळ शोधत आपण गेलो, तर कोपनहेगनला पोचतो. श्वासातली काही हवा रक्ताला न भेटताच परत फिरते. ती किती, याचे सूत्र १८९१ साली क्रिस्टियन बोर यांनी मांडले. अणूची रचना सांगणाऱ्या नील्स बोर यांचे हे वडील. फुप्फुस ग्रंथीसारखे काम करून प्राणवायू रक्तात ढकलते, असे क्रिस्टियन यांचे ठाम मत होते. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी मारी यांनी १९१० मध्ये ते खोडून काढले: वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपसूक जातो, एवढे पुरेसे आहे. हे ठरले नसते तर पुढचे एकही समीकरण उभे राहिले नसते. मग दुसरे महायुद्ध आले, उंचावर उडणाऱ्या वैमानिकांचा श्वास हा लष्कराचा प्रश्न झाला, आणि अमेरिकेत रॉचेस्टरला फेन, रान व ओटिस यांनी १९४६ मध्ये वर केलेली वजाबाकी समीकरणात बसवली. १९४९ मध्ये रायली आणि कूर्नां यांनी फुप्फुसाचे तीन कप्पे कल्पिले: एक आदर्श, एक हवा असून रक्त नसलेला, एक रक्त असून हवा नसलेला. खरे फुप्फुस असे नसते, पण बिघाड कुठे आहे हे या कल्पनेतून आकड्यांत सांगता येऊ लागले.

अतिदक्षता विभागाचा जन्मही कोपनहेगनचाच. १९५२ च्या पोलिओच्या साथीत ब्योर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशव्या दाबल्या. त्यानंतर काही वर्षांतच रक्तातले वायू थेट मोजणारे इलेक्ट्रोड आले.

पुढे १९७४ हे साल विलक्षण ठरले. पीटर वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी सहा निष्क्रिय वायू रक्तात सोडून, संगणकाच्या मदतीने फुप्फुसाचे पन्नास कप्पे मांडले. त्याच वर्षी रक्तातल्या प्राणवायूचा दाब श्वासातल्या प्राणवायूच्या प्रमाणाने भागण्याची साधी रीत छापून आली, आणि जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरची कल्पना जाहीर केली. पन्नास कप्पे प्रयोगशाळेतच राहिले. माझ्या मते त्या तिघांत देखणे तेच होते. खाटेपाशी पोचला तो भागाकार.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर राज्यात दारोदार फिरला आणि पंच्याण्णवच्या खाली आकडा गेला की गावात धावपळ सुरू झाली. मात्र भागाकाराला धमनीतले रक्त आणि ते तपासणारे यंत्र लागते, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते असेलच असे नाही. म्हणून फुप्फुस अचानक निकामी करणाऱ्या एआरडीएस या आजाराच्या, २०२३ मध्ये मांडलेल्या नव्या जागतिक व्याख्येने ऑक्सिमीटरचा बोटावरचा आकडाही ग्राह्य धरला. छातीच्या चित्रात दोन्ही बाजूंना डाग हवेत आणि या आकड्याचा भागाकार ३१५ किंवा त्याखाली. दर मिनिटाला तीन लिटर प्राणवायू चालू असेल तर प्रमाण ०.२१ अधिक ०.०९, म्हणजे ०.३०, बोटावर ९४ असेल तर उत्तर ३१३. आजार जडला. बोटावरच्या आकड्याला अट एकच: तो ९७ च्या वर नको, कारण तिथे रक्ताचा आलेख सपाट होतो आणि फुप्फुस बरेच बिघडले तरी आकडा फारसा हलत नाही.

गडद त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकते, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरून पुन्हा दिसले. आता त्याच तीन लिटरवर उसाच्या फडात रापलेल्या बोटावर ९५ दिसले, तर उत्तर ३१७, म्हणजे रेषेबाहेर. रक्तात खरे ९२ असतील तर ३०७, रेषेच्या आत.