न पोहोचलेलं नेमणूकपत्र

संसदेने केलेला कायदा संविधानाशी जुळत नसेल, तर न्यायालय तो रद्द ठरवू शकतं, हे आज आपण गृहीत धरतो. पण हा अधिकार जिथे घट्ट रुजला, त्या अमेरिकेच्या संविधानात तो स्पष्ट शब्दांत कुठेच लिहिलेला नाही. तो पक्का झाला एका किरकोळ नेमणुकीच्या भांडणातून.

त्याची पाळंमुळं इंग्लंडात आहेत. १६१० मध्ये न्यायमूर्ती एडवर्ड कोक यांनी डॉ. बोनहॅम खटल्यात म्हटलं, की विवेकाला सोडून केलेला संसदेचा कायदाही निरर्थक ठरू शकतो. इंग्लंडात पुढे संसदच सार्वभौम झाली आणि हा विचार मागे पडला. अमेरिकी वसाहतींतल्या वकिलांनी मात्र तो उचलला. १७८८ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी नव्या संविधानाची बाजू मांडताना सांगितलं, की न्यायालयाच्या हाती ना सैन्य ना तिजोरी, असतो तो फक्त निवाडा; तेव्हा संविधानाची राखण त्याच्याकडे असण्यात धोका नाही.

या विचाराची कसोटी १८०१ मध्ये लागली. निवडणूक हरलेले अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी जाता जाता आपल्या पक्षाच्या लोकांना न्यायाधीशपदं वाटली. विल्यम मार्बरी यांना राजधानीच्या जिल्ह्यात ‘जस्टिस ऑफ द पीस’ हे कनिष्ठ पद मिळालं. नेमणूकपत्रावर सही झाली, परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांनी शिक्काही मारला. पण घाईगर्दीत काही पत्रं कार्यालयातच राहिली. नवे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी ती रोखून धरली. मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नवे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांना पत्र देण्याचा आदेश द्यावा, अशी मागणी केली. तिथे सरन्यायाधीश होते तेच जॉन मार्शल!

मार्शल यांच्यापुढे पेच होता. आदेश द्यावा, तर जेफरसन तो धुडकावणार आणि न्यायालयाची अब्रू जाणार. न द्यावा, तर न्यायालय सरकारला घाबरलं असं होणार. २४ फेब्रुवारी १८०३ च्या एकमुखी निकालात त्यांनी तीन प्रश्न क्रमाने घेतले. मार्बरींचा हक्क आहे का? आहे. त्यावर कायद्यात उपाय आहे का? आहे. मग तो उपाय हे न्यायालय थेट देऊ शकतं का? नाही. कारण १७८९ च्या न्यायपालिका कायद्याच्या तेराव्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाला दिलेला हा अधिकार संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदात बसत नव्हता. संविधान श्रेष्ठ, म्हणून ते कलम रद्द. छोटा अधिकार नाकारून न्यायालयाने मोठा अधिकार मिळवला. आदेशच नसल्यामुळे जेफरसन यांना मोडायला काही उरलं नाही. मार्बरींना ते पद कधीच मिळालं नाही.

राज्यांनाही हाच दंडक लागला. १८१० मध्ये जॉर्जिया राज्याचा कायदा रद्द झाला. संघराज्याचा कायदा मात्र पुन्हा रद्द झाला तो थेट १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट खटल्यात, आणि तो निकाल काळिमा ठरला. कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा तो निकाल यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदाव्या घटनादुरुस्तीने पुसला. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, न्यायालय आवरतं, तसं न्यायालयालाही काँग्रेस आणि राज्यं मिळून आवरू शकतात, हे तेव्हा दिसलं.

भारताच्या घटनाकारांनी ही बाब तर्कावर सोडली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने घडवलेल्या संविधानाचं कलम १३ स्पष्ट सांगतं, की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्या विसंगतीपुरता शून्य.

लिहिलेला असो वा नसो, हा अधिकार चालतो तो शासनाच्या बाकीच्या दोन शाखा, संसद आणि सरकार, निकाल मानतात म्हणूनच. तेव्हा एखादा निकाल आपल्याला पटो वा न पटो, सरकार तो पाळतं की नाही, यावर नागरिकांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं पाहिजे.