दुकानातली रोजची कामे मोबाईलला द्या, उधारीची वसुली मात्र स्वतःच करा

मुकुटबन : पेरणीचे दिवस आले की कृषी केंद्रातला फोन थांबत नाही. युरिया आला का, दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे, माझी उधारी किती झाली, हेच प्रश्न दिवसभर. समोर गिऱ्हाईक उभं, कानाला फोन, हातात वही. अशा गडबडीत बिल चुकतं किंवा एखादी नोंद राहून जाते. यातली बरीच कामे मोबाईल आपोआप करू शकतो आणि त्याला वेगळा पैसा लागत नाही.

कोणते काम मोबाईलला द्यावे?

जे काम रोज त्याच पद्धतीने होते आणि ज्यात माणूस पाहून निर्णय घ्यावा लागत नाही, ते द्यावे. ठरलेले उत्तर, बेरीज-वजाबाकी आणि तारखेची आठवण ही तीन कामे पहिली.

ठरलेली उत्तरे

व्हॉट्सअॅप बिझनेस हे दुकानदारांसाठीचे मोफत अॅप २०१८ मध्ये आले. त्यात तीन सोयी कामाच्या आहेत. पहिला स्वागत संदेश. नवीन गिऱ्हाईक किंवा १४ दिवस बोलणे न झालेले गिऱ्हाईक लिहिते झाले की तो आपोआप जातो. दुसरा दुकान बंद असतानाचा संदेश, वेळ ठरवून लावता येतो. तिसरी झटपट उत्तरे. पत्ता, वेळ, लागणारी कागदपत्रे एकदा लिहून ठेवली की पुन्हा टाइप करावी लागत नाहीत. तेलंगणाची हद्द जवळ असल्याने मराठीसोबत तेलुगूत दोन ओळी टाकल्या तर बरे.

एक खबरदारी मात्र हवी. आपोआप जाणाऱ्या संदेशात साठा आणि भाव लिहू नये. सोमवारी लिहिलेले ‘युरिया आहे’ गुरुवारीही जात राहते. त्या भरवशावर ऑटोचे भाडे देऊन आलेला शेतकरी रिकाम्या हाताने परत गेला, तर तो पुन्हा त्या दुकानात येत नाही. दुसरे म्हणजे फोनला इंटरनेट नसेल तर हे संदेश जातच नाहीत. रेंज गेली की सोय बंद.

उधारीची वही

गुगल शीटमध्ये तारीख, खाते क्रमांक, नाव, माल, उधार, जमा असे सहा रकाने करावेत. सूत्र एकदा बसवले की प्रत्येकाची बाकी आपोआप निघते. पण हिशेब नावावर ठेवू नका, खाते क्रमांकावर ठेवा. एका गावात एकाच नावाचे दोघे असतात, आणि ‘भाऊ’ एकदा ऱ्हस्व, एकदा दीर्घ लिहिले तर शीट त्यांना दोन माणसे समजते. चुकीचा आकडा टाकला तर बेरीजही चुकीचीच येणार. म्हणून पहिला महिना कागदी वही आणि शीट दोन्ही चालवा आणि दर आठवड्याला ताळा करा.

तारखांची आठवण

जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला दर तिमाहीला सीएमपी-०८ भरावा लागतो. त्याची नेहमीची मुदत तिमाहीनंतरच्या महिन्याची १८ तारीख, म्हणजे जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिल. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये १४ तारखेची आठवण लावून ‘दर तीन महिन्यांनी’ निवडले की काम झाले. बियाणे, खत आणि कीटकनाशक यांचे परवाने वेगवेगळे असतात. त्यांच्या मुदतीही अशाच टाकून ठेवाव्यात.

काय मोबाईलला देऊ नये?

पहिली गोष्ट उधारीची वसुली. इकडची उधारी जूनमध्ये चढते आणि कापूस विकून चुकारा हाती आल्यावर उतरते. ऑगस्टमध्ये सगळ्यांना ‘बाकी त्वरित भरा’ असा एकच संदेश गेला, तर ज्याचे पीक पुरात गेले त्यालाही तोच जाणार. वर्षानुवर्षांचा संबंध एका ओळीने तुटतो. बाकी किती ते मोबाईलने सांगावे. कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत मागायचे ते दुकानदारानेच ठरवावे.

दुसरी गोष्ट पैसे मिळाल्याची खात्री. गिऱ्हाईकाने दाखवलेला स्क्रीनशॉट पुरावा नसतो. आपल्या खात्यात रक्कम जमा दिसली की मगच माल द्यावा.

तिसरी गोष्ट मालाची मोजणी. अनुदानित खत ई-पॉस मशीनवर आधार पडताळणी करून विकले जाते, त्यामुळे शिल्लक मशीनवर दिसते. तरी गोदामातली पोती हातानेच मोजावी लागतात. फाटलेले किंवा भिजलेले पोते मशीनला दिसत नाही.

सगळे एकदम सुरू करू नका. आधी बंद वेळेचा संदेश लावा, तो बसला की शीट उघडा. महिनाअखेरीस बाकीची यादी छापून ठेवा. मोबाईल हरवला तरी हिशेब हाताशी राहील.