आधी कोन, मग मैल

मुंबईहून न्यूयॉर्कची वाट शोधायला भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. पृथ्वीच्या पाठीवरची खरी जवळची वाट मात्र अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान करत सेंट पीटर्सबर्गच्या आसपास निघते, आइसलँड ओलांडते आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ खेटून खाली उतरते. लांबी साधारण १२,५०० किलोमीटर. ती काढायचे गणित विमानांहून पुष्कळ जुने आहे.

गोलाईची अडचण आपल्याकडे सातव्या शतकातच नोंदली गेली. लंका-उज्जयिनी-कुरुक्षेत्र या मध्यरेषेपासून आपले गाव किती दूर, हे कळल्याशिवाय ज्योतिषाचे गणित जुळत नसे. म्हणून अक्षांशांतला फरक ही एक बाजू आणि लोकांच्या तोंडून कळलेली योजने हा कर्ण धरून काटकोन त्रिकोण सोडवीत. पहिल्या भास्कराच्या 'महाभास्करीया'त या रीतीवर आक्षेप आहे: ती ढोबळ आहे, शिवाय पृथ्वी गोल आहे.

युरोपात पेद्रो नुनेश या पोर्तुगीज गणितज्ञाने १५३७ साली दाखवले, की होकायंत्राची एकच दिशा धरून गेलेले जहाज सर्वांत जवळच्या वाटेने जात नाही. तरी खलाशांनी ती लांबची वाट सोडली नाही. १५६९च्या मर्केटरच्या नकाशाने तर ती सरळ रेघेत आखून दिली. सुकाणू धरणाऱ्याला सतत दिशा बदलण्यापेक्षा चार मैल जास्त परवडतात, आणि शिडाचे जहाज शेवटी वाऱ्याच्याच मर्जीने चालायचे.

जवळची वाट मोजायचे सूत्र ठाऊक होते, पण ते कोज्येचे (कोसाइनचे). कोज्या ऋणही होते, आणि गुणाकारांसाठी लागणारा ऋण संख्येचा लॉगॅरिदम कोष्टकात सापडत नाही. यावर तोड म्हणजे हॅव्हर्साइन: एकातून कोज्या वजा करायची, उरेल त्याचे अर्धे. उत्तर नेहमी शून्य ते एक यांच्यामध्ये. (अर्धे करण्याआधीची राशी म्हणजे सूर्यसिद्धान्तातली उत्क्रमज्याच.) ब्रिटिश नौदलाच्या शाळेत शिकवणाऱ्या जेम्स इनमन यांनी १८३५ साली हे नाव रूढ केले. बोटीवरच्या माणसाने कोष्टक उघडायचे, बेरजा करायच्या, की दोन बंदरांमधला कोन हाती. पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या या कोनाची एक कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल. म्हणून अंशांना ६०ने गुणले की अंतर तयार. मुंबई-न्यूयॉर्कचा कोन ११२.७ अंश, म्हणजे सुमारे ६,७६० सागरी मैल. वैमानिक आजही याच मैलांत आणि नॉटमध्ये बोलतात.

कॅल्क्युलेटर आले, लॉगॅरिदमची कोष्टके अडगळीत गेली. हॅव्हर्साइनही जायचे, पण जवळजवळच्या दोन ठिकाणांसाठी कोज्येचे सूत्र संगणकावर दशांश गमावते. १९८४ साली आर. डब्ल्यू. सिनॉट यांनी 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात हॅव्हर्साइनची बाजू मांडली, आणि प्रोग्रॅमरांनी ते उचलले. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहते; ती नको असेल तर थॅडियस व्हिन्सेंटी यांची १९७५ची पद्धत आहे.

वेळेचे गणित मात्र असे सुटत नाही. मुंबई-न्यूयॉर्कच्या अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागले तर चौदा तास येतात. पण वरच्या थरांतले वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी. त्यात २०१९मध्ये आणि पुन्हा २०२५मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, तेव्हा भारतीय विमानांना तिला वळसा घालावा लागला.