सगळेच सातो?

आमच्या बेळगावच्या बाजारात ‘अहो पाटील’ अशी हाक मारली, तर चार-पाच माना तरी वळतात. जपानात हा मान ‘सातो’ या आडनावाचा. तिथल्या दर शंभर माणसांत साधारण दीड माणूस सातो. त्याखालोखाल सुझुकी.

पाटलांसारखंच सातोचं मूळही बहुधा हुद्द्यात आहे. हे नाव दोन अक्षरांत लिहितात. त्यातलं ‘तो’ म्हणजे जांभळ्या घोसांची विस्टेरियाची वेल. हेच अक्षर ‘फुजी’ असंही वाचतात, आणि फुजिवारा या बलाढ्य सरदार घराण्याच्या नावात ते पहिलं आहे. घराण्याच्या शाखा वाढल्या, तशी या अक्षराला कुणी प्रांताची, कुणी हुद्द्याची खूण जोडली. इसे प्रांतातले इतो, कागाचे कातो. ‘सा’बद्दल मात्र मतं दोन-तीन आहेत. कुणी म्हणतं, राजवाड्याच्या दरवाज्यावरच्या ‘साएमोन’ या पहाऱ्यातल्या अधिकारपदावरून आला. कुणी सानो या गावाचं नाव घेतं. ईशान्येकडच्या अकिता, यामागाता, फुकुशिमा भागांत आजही सातोंची दाटी आहे.

पण इतके सगळे सातो काही फुजिवारांचे वंशज नव्हेत, बरं का! सामुराईंच्या राज्यात सामान्य शेतकऱ्याला कागदोपत्री आडनाव लावायची मुभा नसे. १८७० साली मेजी सरकारनं ती दिली आणि १८७५ साली आडनाव सक्तीचंच केलं. सैन्यभरती करायची, तर माणसाची नोंद नको का? मग कुणी घरात चालत आलेलं नाव लिहून दिलं, कुणी नवं घेतलं.

बायकांचं काय? १८७६ च्या सरकारी हुकमाप्रमाणे लग्नानंतरही बाईचं आडनाव माहेरचंच राहायचं. १८९८ च्या कायद्यानं ते उलटवलं आणि तिला सासरच्या घराण्याचं नाव आलं. १९४७ ला कायदा पुन्हा बदलला. आता नवरा-बायकोनं एकच आडनाव घ्यायचं, कुणाचंही चालेल. बोलायला समता! प्रत्यक्षात शंभरातल्या पंचाण्णव जोडप्यांत नाव सोडते ती बायकोच. २०१५ आणि २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा नियम घटनेला धरून असल्याचाच निर्णय दिला.

पुरुषानं नाव बदललं तर आभाळ कोसळतं का? जपानचे पंतप्रधान एइसाकु सातो यांना १९७४ साली शांततेचं नोबेल मिळालं. त्यांचे सख्खे थोरले भाऊ नोबुसुके किशी, तेही पंतप्रधान. आई सातोंची लेक. वडील मूळचे किशी, लग्नानंतर सातो झाले. पुढे दुसरा मुलगा किशींकडे दत्तक गेला. ना वडिलांचं काही अडलं, ना मुलांचं.

२०२४ साली तोहोकु विद्यापीठाच्या हिरोशी योशिदा या प्राध्यापकांनी एक हिशेब मांडला. लग्नाचा हाच नियम राहिला आणि सातो याच वेगानं वाढत गेले, तर २५३१ साली जपानात सगळेच सातो असतील! लोक हसले, आणि त्यांनी हसून विचार करावा म्हणूनच तो मांडला होता. प्रत्येक लग्नात एक आडनाव गळतं, आणि ते गळतं ते बहुतेक बाईच्या बाजूनं. आपण सासरी आलो की आडनावच काय, कितीकींचं पाळण्यातलं नावसुद्धा तांदळाच्या ताटात पुसलं गेलं. त्याचा हिशेब अजून कुणी मांडलेला मी तरी वाचला नाही.